कोरैप्पाळयमचा अकरावा दगड

१

अकरावा दगड कोरा होता.

मी मंडपाच्या पायरीपासून पुन्हा मोजलं. नवव्यावर अक्षरं, दहाव्यावर अक्षरं, बाराव्यावरसुद्धा अक्षरं. मधल्या तेवढ्या एकावर काही नाही.

माझ्यामागे निम्मं कोरैप्पाळयम उभं होतं. प्रांतबाई मुद्दाम जीप काढून आल्या होत्या. देवळाचे धर्मकर्ते, म्हणजे विश्वस्त, चेल्लमुत्तू खांद्यावरचा पंचा झटकत होते. आमची अख्खी कुंभारआळी उन्हात उभी होती, सगळ्यात पुढे माझी अत्तै, म्हणजे आत्या, रासाती. अम्मा गेल्यापासून मला वाढवलं ते तिनंच.

"इथं होतं," मी म्हटलं. माझाच आवाज मला ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, "इथंच होतं."

भांडण होतं देवळामागच्या तळ्याचं. आमच्या आळीची चाकं फिरतात ती त्याच तळ्याच्या मातीवर. यंदा धर्मकर्त्यांनी तळ्याला कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि सांगितलं, तळं देवळाचं, ते बुजवून तिथं लग्नांसाठी कल्याणमंडप बांधायचा. तळं आटतं ते फक्त पंगुनी महिन्यात, म्हणजे आत्ता, उन्हाळ्याच्या तोंडी. वळवाच्या आत वर्षाची माती काढली नाही, तर आळीनं वर्षभर चाकं भिंतीला टेकवून बसायचं. आणि अकराव्या दगडावर जुन्या अक्षरांत लिहिलं होतं की ह्या तळ्याची माती ह्या गावच्या कुंभारांनी चंद्रसूर्य असेपर्यंत घ्यावी. पोंगलच्या सुट्टीत मी स्वतः ते वाचलं होतं. मी, दहावी ब, पूंगोडी.

प्रांतबाईंनी माझ्या हातातला त्या दगडाचा कागदी ठसा उलगडून पाहिला. काळ्या शाईत पांढरी अक्षरं, अगदी स्वच्छ. शाळेतल्या कयल्विळी टीचरच्या फोनमधले फोटोही पाहिले. म्हणाल्या, कागद कुठलाही असू शकतो आणि अक्षरांचे फोटोही कुठल्याही देवळातले. पुरातत्त्व खात्याच्या जुन्या यादीत 'दक्षिण बाजू, तुटक लेख' एवढंच आहे. मला दगड दाखव.

चेल्लमुत्तू गरजले की तो दगड त्यांच्या आजोबांच्या काळापासून कोरा आहे. आळीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात जीर्णोद्धार समितीचे सचिव, आमचे पुलवर अय्या, पुढे आले. निवृत्त तमिळ शिक्षक, पांढरंशुभ्र धोतर, साखरेसारखा आवाज. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मुलीला रागावू नका. हुशार आहे. पण वयच असं असतं, वाचता वाचता माणूस थोडं लिहूनही टाकतो."

कुणीतरी हसलं. आमच्या कोंगू मुलखात शिवीसुद्धा आदरानं देतात, म्हणून ती जास्त लागते.

सोमवारी पहाटे कुंभाभिषेक होता. कलशावर पाणी पडलं की पुढची बारा वर्षं देवळाच्या दगडाला कुणी हात लावायचा नाही. प्रांतबाई म्हणाल्या, रविवारी दुपारी मी पुन्हा येते, त्यानंतर तळ्याचा कागद माझ्या सहीनं जाईल.

घरी पोचल्या पोचल्या अत्तैनं मला आत घेतलं. दाराला आतून कडी घातली आणि मला समोर बसवलं.

"पूंगोडी, खरं सांग. आळीसाठी म्हणून तू ते बनवलंस का गं? मी मारणार नाही."

२

मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी जेवले नाही. भांड्यात तिनं माझ्या आवडीचा डाळभात केला होता, वर तूप घातलं होतं, आणि मी तो बघत बसले. मला सगळ्यांचा राग आला होता. हसणाऱ्यांचा, न हसता गप्प बसणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त त्या दगडाचा.

ठसा घ्यायला आम्हाला कयल्विळी टीचरनी शिकवलं. दगड धुवायचा, ओला कागद त्यावर चिकटवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून खाचांत बसवायचा, मग कापडाच्या गोळ्यानं शाई टिपायची. कागद वाळला की सोलून काढायचा. शाई लागते ती वरच्या बाजूला, म्हणून अक्षरं सरळ वाचता येतात. आणि कागदावर दगड अगदी खऱ्या मापाचा उमटतो, ना तसूभर लहान ना मोठा. टीचरचा एक हट्ट होता. म्हणायच्या, अक्षरं म्हणजे दगड नव्हे. कडा घ्या, दोन्ही बाजूंच्या दर्जा, म्हणजे सांधे, घ्या, शेजारच्या दगडांचं चार बोटं अंग घ्या. तेव्हा आम्ही कंटाळलो होतो.

शनिवारी सकाळी लांब लाकडी पट्टी घेऊन मी देवळात गेले. माझं म्हणणं साधं होतं. अक्षरं होती आणि आता नाहीत, म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंय. फेब्रुवारीत दक्षिणेचं जोतं खचलं म्हणून वरच्या पट्टीचे दगड काढून पुन्हा बसवले होते. जे झालं ते तेव्हाच झालं.

पहिली शक्यता, अक्षरं घासून काढली. पण घासलं तर दगड आत जाणार. मी पट्टी दहाव्यावरून बाराव्यापर्यंत आडवी धरली. कोरा दगड दोघांच्या बरोबर रेषेत होता, मध्ये नखसुद्धा जाईना.

दुसरी शक्यता, दगडच बदलला. आता खाणीत यंत्रानं भोकं पाडून दगड फोडतात, कडेला अर्ध्या नळ्यांसारख्या खुणा राहतात. इथं तसली एकही खूण नव्हती. अंग मात्र शेजाऱ्यांपेक्षा खरबरीत होतं, आणि ते जुनं की नवं हे ओळखायची सोयच नव्हती, कारण समितीनं अख्ख्या देवळावर वाळूचा फवारा मारून आठशे वर्षांचा रंग धुऊन टाकला होता. कितीतरी दगडांवरची अक्षरं त्यात बोथटली. त्या दिवशी गावानं टाळ्या वाजवल्या होत्या, देऊळ कसं नवं दिसतंय म्हणून.

म्हणजे घासलेला नाही आणि नवाही नाही. मग अक्षरं चालत गेली की काय?

मी वैतागून मागं सरले. तेवढ्यात एका गड्यानं शिडी आणून त्या कोऱ्या दगडाला टेकवली, आणि मंडपातून असा ओरडा आला की कबुतरं उडाली.

"काढ ती. तिथं पाय लावायचा नाही."

३

ओरडले होते ते मारप्पन ताता, गावचे पाथरवट. सगळे त्यांना ताता, म्हणजे आजोबाच, म्हणतात. सत्तरी उलटलेला माणूस, तोंडात पान, बोलणं मोजकं. त्यांनी शिडी स्वतः उचलून बाराव्याला लावली. बाराव्यावर देवाच्या दिव्याची देणगी लिहिली आहे, तरी चालली. मग खांद्यावरच्या फडक्यानं अकरावा पुसला.

मी बघत राहिले. दुपारी सगळे गडी जोत्याला पाठ टेकून डबे खायला बसले. सावली एकसारखी होती, तरी अकराव्यापुढची जागा रिकामी. एक नवा गडी तिथं टेकायला गेला तेव्हा दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढकललं. म्हाताऱ्याचा जीव आहे त्या दगडात, म्हणाला.

कोऱ्या दगडात कुणाचा जीव असतो?

मी तातांजवळ जाऊन बसले. त्यांनी डब्याच्या झाकणात मला आप्प्यासारखा पणियारम दिला. मी म्हटलं, ताता, तुम्ही माझ्या अप्पांना मांडीवर खेळवलंय, आता मला गावात खोटारडी म्हणतात, तुम्हाला चालतं का? ते चावत राहिले. मी म्हटलं, तो दगड तुमच्याच हातानं बसवलाय ना? मान हलली. तुम्ही त्याचं काय केलंत?

त्यांनी हातातला घास डब्यात टाकला. मग घाईनं, जणू मी छिन्नीच हातात घेऊन बसले होते, म्हणाले, "त्या अक्षरांना मी छिन्नी लावली नाही. माझ्या नातवाची शपथ."

ते उठले आणि पाणी प्यायला गेले. मी तिथंच बसून राहिले, हातात पणियारम तसाच.

गाव म्हणतं तिथं अक्षरं कधी नव्हतीच. मग कुठल्या अक्षरांना छिन्नी लावली नाही?

४

तशीच उठून चेल्लमुत्तूंच्या घरी गेले. ओटीवर ते झोपाळ्यावर बसून कॉफी पीत होते. मला बघून भुवया वर गेल्या. कुंभारआळीतलं पोर त्या ओटीवर एकटं कधी चढलं नव्हतं.

मी सरळ विचारलं की अकरावा दगड तुम्ही हलवलात, बदललात की काय केलंत. ते इतके चिडले की पेला झोपाळ्यावर कलंडला. म्हणाले, "तळं मला हवंय हे मी चव्हाट्यावर सांगतो. तुझ्या अत्तैच्या तोंडावर सांगितलंय. मला चोरी करायला काय झालंय?" मी म्हटलं, मग तो दगड आजोबांच्या काळापासून कोरा आहे हे तुम्हाला कसं माहीत? थोडे गडबडले. म्हणाले, तसं मला सांगितलं होतं. तीस दगडांवर मुंग्या चालल्यासारखं काहीतरी कोरलंय, मी काय रोज मोजतो? मला तर वरखालीसुद्धा कळत नाही त्यातलं.

कुणी सांगितलं हे विचारायच्या आत त्यांनी मला हाकललं. पण जाताना बायकोला म्हणाले, कुंभाराच्या पोरीला जीभ आहे. ते कौतुक होतं की काय, कळलं नाही.

मी वाटेतच थांबले. माझ्या रागाला आतापर्यंत एकच तोंड दिसत होतं, आणि ते तोंड खरं बोलत होतं. तीस दगड, सगळ्यांवर मुंग्या. ज्याला वाचता येत नाही तो त्यातला नेमका एक कसा उचलेल?

घरी येऊन मी ठसा जमिनीवर पसरला. शेजारच्या दगडांचं अंग दोन्ही टोकांना उमटलं होतं, मध्ये दर्जांच्या दोन काळ्या रेघा. त्या रेघांवर मी कागद दुमडला, म्हणजे उरला तो फक्त अकरावा. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की त्याची उजवी कड सरळ उभी आहे आणि डावी तिरकी. वरून खाली येताना चांगली चार बोटं आत सरकलेली. जुन्या पाथरवटांनी शेजारचा दगड तसाच तिरका घडवून त्यात बसवला असणार.

मी कागद घेऊन पळाले. अत्तै मागून ओरडली, अगं भात. मी थांबले नाही.

कागद दगडावर धरला. बसेना. डावीकडे कागद तिरका, दगड सरळ. उजवीकडे कागद सरळ, दगड तिरका. आणि दोन्ही बाजूंना दर्जेत चुना भरलेला, पाचरीसारखा, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्याला चार बोटं रुंद. बाकी कुठल्याच दर्जेत इतका चुना नव्हता.

मग मी कागद उलटा केला.

५

रविवारी दुपारी प्रांतबाई आल्या तेव्हा देवळात यज्ञशाळेचा धूर होता आणि पाय ठेवायला जागा नव्हती. कयल्विळी टीचर माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, घाई करू नकोस, वर्गात सांगतेस तसं सांग.

मी सांगितलं. घासलेला का नाही ते पट्टी लावून दाखवलं. नवा का नाही ते कडा दाखवून. मग ठसा आधी सुलटा धरला, आणि प्रांतबाईंना स्वतः बोट फिरवून बघायला लावलं की बसत नाही. आणि मग अक्षरं भिंतीकडे आणि कोरी पाठ आपल्याकडे, असा कागद उलटा करून दगडावर चिकटवला. तिरकी कड तिरकीवर, सरळ कड सरळीवर. चुन्याच्या दोन्ही पाचरी कागदाच्या बाहेर बरोबर उरल्या.

"दगड कुठंही गेलेला नाही," मी म्हटलं. "त्याला पाठमोरा बसवलाय. मागची खरबरीत बाजू छिन्नीनं सारखी केली, वर वाळूचा फवारा मारला. अक्षरं आत आहेत."

प्रांतबाईंनी चुन्याच्या पाचरीवर बोट ठेवलं आणि मारप्पन तातांकडे पाहिलं. ताता खालीच बसले.

म्हणाले, त्यांना अक्षरं खरवडून काढायला सांगितलं होतं. वाचता येत नसलं तरी पाथरवटाला माहीत असतं की असल्या लेखाच्या शेवटी पुसणाऱ्याला गाय मारल्याचं पाप लिहिलेलं असतं. हात उचलेना. समितीचा शब्दही मोडता येईना. "मग मी ती मारली नाहीत, बाई. भिंतीकडे तोंड करून निजवली."

गर्दी चेल्लमुत्तूंकडे वळली. मी म्हटलं, ते नाहीत.

त्या बाजूला तीस दगड आहेत. तातांना अकरावाच दगड दाखवून द्यायचा, तर दाखवणाऱ्याला तो वाचता यायला हवा. ह्या गावात ती अक्षरं वाचणारी तीन माणसं. एक मी. दुसऱ्या टीचर, त्या फेब्रुवारीभर चेन्नईत प्रशिक्षणाला होत्या. आणि तिसरं माणूस तेच, ज्यांच्याकडे मी पोंगलनंतर पळत पळत गेले होते, कारण एक शब्द अडला होता. त्यांनी तो सोडवून दिला, माझी पाठ थोपटली, आणि लाडानं म्हणाले, चल कण्णू, मला तो दगड दाखव तरी.

पुलवर अय्या हसले. तेच साखरेचं हसू. म्हणाले, मूल आहे, मोठ्या माणसांची नावं घेताना...

"मारप्पा," चेल्लमुत्तू मध्येच म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

तातांनी मान वर केली नाही. नुसता हात उचलला आणि पुलवरांकडे केला.

६

मग जे झालं ते मला पूर्ण आठवत नाही, कारण मी रडत होते आणि मला रडायचं नव्हतं. चेल्लमुत्तू पुलवरांना म्हणाले की मला तळं हवं होतं, मी कोर्टात भांडलो असतो, हरलो असतो तर तोंड काळं करून घरी बसलो असतो. देवाच्या दगडाला पाठ फिरवायला लावून मला माझ्याच गावापुढे खोटं बोलायला लावलंत.

पुलवर अय्या माझ्याकडे बघत बोलले. त्यांच्या वडिलांनी ह्या गावात पहिली शाळा काढली होती, झाडाखाली. आता त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही. कल्याणमंडपाच्या दारावर ते नाव कोरायचं समितीनं कबूल केलं होतं. "आयुष्यभर दुसऱ्यांची दगडावरची नावं वाचली, कण्णू. एक आपलं असावं वाटलं."

"मग आळीत येऊन सांगायचंत," मी म्हटलं. "आळीनं ते नाव शाळेच्या दाराशी लावलं असतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून मला खोटारडी कशाला म्हणालात? मला अत्तैनं विचारलं, तू बनवलंस का म्हणून. तिनं मला कधी असं विचारलं नव्हतं."

पुलवरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

प्रांतबाई म्हणाल्या, दगड उघडायला खात्याची परवानगी लागेल, पत्र पाठवावं लागेल, पंधरा दिवस तरी. आळीतून एक सुस्कारा आला. पहाटे कलशावर पाणी पडणार होतं.

तेव्हा चेल्लमुत्तूंनी पंचा कमरेला बांधला. "काम चालू असलेलं देऊळ आहे, बाई. उद्या पहाटेपर्यंत माझंच चालतं इथं. चुकीचा बसलेला दगड नीट बसवायला पाथरवटाला कुणाचं पत्र लागत नाही." आणि तातांना म्हणाले, पहार आण.

वरची फरशी उचलायला सहा जण लागले. तातांनी चुन्याच्या पाचरी स्वतः फोडल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. साखळीवर दगड हळूहळू बाहेर आला, वळला, आणि ओल्या चुन्याच्या ठिपक्यांतून अक्षरं दिसली. तातांनी तांब्यानं पाणी ओतलं. ती तशीच होती. एकही मेलं नव्हतं.

प्रांतबाई म्हणाल्या, कुणीतरी वाचा, मी लिहून घेते. सवयीनं सगळ्यांनी पुलवरांकडे पाहिलं, आणि सवयीनं त्यांनीही एक पाऊल टाकलं.

"तुम्ही नाही, अय्या," मी म्हटलं.

मी गुडघे टेकून दगडासमोर बसले. 'स्वस्ति श्री' म्हटलं तेव्हा आवाज कापला, राजाचं नाव घेतलं तेव्हा स्थिरावला. कोंगू राजाचं पंधरावं वर्ष, गावच्या सभेचा निर्णय, तळ्याच्या चारही सीमा. मी एकेक अक्षरावर बोट ठेवत होते, आणि आळीतली म्हातारी माणसं प्रत्येक सीमेला मान हलवत होती, हो, तिथं वड आहे, हो, तिथं ओढा. मग कुंभार हा शब्द आला. मी तो वाचला आणि अत्तैकडे बघायला मान वळवली.

अत्तै जागेवर नव्हती. ती चेल्लमुत्तूंच्या समोर हात पसरून उभी होती. त्यांनी कनवटीला बांधलेली फाटकाची किल्ली सोडली आणि तिच्या तळव्यावर ठेवली.

ती माझ्याजवळून गेली, पाटी कमरेवर, फावडं खांद्यावर, आळीतल्या पाच-सहा बायका मागोमाग. एक क्षण थांबली. मला वाटलं काहीतरी म्हणेल, चुकले म्हणेल, जवळ घेईल. तिनं माझ्या डोक्यावर पडलेला चुना झटकला.

"तू वाच सावकाश. अंधार पडायच्या आत मला चार पाट्या काढू देत."